चेंडू चालतो, कप चालत नाही

कवठे येमाई हे आमचं गाव शिरूर तालुक्यात आहे. गावाच्या नावातच देवी, त्यामुळे गावाचं नाव सांगताना मुसलमानाच्या तोंडीही येमाई येतेच. आमच्या लहानपणी खेळ म्हणजे जत्रेतली कुस्ती. क्रिकेट आलं ते ट्रान्झिस्टरमधून. मग आम्ही पोरांनी बाभळीच्या फळीची बॅट केली आणि आमचीही एक टीम झाली.

टीममधला सगळ्यात चांगला बॉलर चांभारवाड्यातला होता. एकदा शेजारच्या गावाला त्याच्या जिवावर सामना जिंकलो. तिथल्या एका घरी आम्हाला चहा मिळाला. सगळ्यांना कपबशी आली. त्याच्यासाठी मात्र वळचणीला खोचलेला कानतुटका कप होता. तो त्यानं स्वतःच काढला, विसळला, चहा प्यायला आणि धुऊन परत जागेवर खोचला. कुणी काही बोललं नाही. मीही नाही. मला कपबशी मिळाली, यातच मी खूश होतो.

पुढं बऱ्याच वर्षांनी पळवणकर बाळू यांच्याविषयी वाचलं, तेव्हा तो कप पुन्हा डोळ्यांपुढं आला.

बाळूंचा जन्म धारवाडचा, १८७६ सालचा. जात चांभार. वडील लष्करात नोकरीला, त्यामुळे बालपण पुण्यात गेलं. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन ही भावंडं खेळायला शिकली. बाळूंची पहिली नोकरी पारशांच्या क्रिकेट क्लबात, खेळपट्टी झाडायची आणि लोळवायची. पगार महिना तीन रुपये. पुढं पुण्यातल्या युरोपियन जिमखान्यावर चार रुपये मिळू लागले. तिथं साहेब लोकांना सरावासाठी बॉलर हवा असायचा. बाळू डाव्या हातानं संथ फिरकी टाकायचे. कॅप्टन ग्रेग हा तेव्हाचा मोठा फलंदाज, तो या पोराची फिरकी तासन् तास खेळायचा. बाळूंच्या हाती बॅट मात्र कुणी देत नसे. मजुरानं चेंडू टाकावा, साहेबानं टोलवावा, अशी ती रीत होती.

हा बॉलर आपल्याकडं आला तर युरोपियनांना हरवता येईल, हे पुण्यातल्या हिंदू क्लबाच्या लक्षात आलं. वाद झाला, पण बाळू संघात आले. मैदानावर सगळे एकच चेंडू हाताळायचे. चेंडू चामड्याचा, पायाला बांधायचे पॅड चामड्याचे. त्यानं कुणाचं सोवळं मोडत नव्हतं. चहाची वेळ झाली की मंडळी आत जायची आणि बाळूंना बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. जेवायला ताट वेगळं. तोंड धुवायला पाणी हवं असेल तर ते अस्पृश्य समाजातल्याच नोकरानं आणून द्यायचं. चामड्याला हात लागतो म्हणून ज्या जातीला लांब ठेवलं, तिच्या माणसाच्या हातून आलेलं चामडं मात्र सगळ्यांना चालत होतं!

बाळू सामने जिंकून देऊ लागले, तशी पंगत थोडी थोडी सरकली. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात जाहीर कार्यक्रमात बाळूंचा सत्कार केला. ज्याच्याबरोबर खेळता, त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत, असा त्यांचा रोख होता. बाळू पुढं मुंबईला गेले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता.

मग आलं १९११ साल. सर्व जातीधर्मांचा पहिला हिंदुस्थानी संघ इंग्लंडला निघाला. असा संघ पाठवायचा बेत १९०३ च्या सुमारासही झाला होता. पण कुणाचे किती खेळाडू, या भांडणात तो बुडाला. या वेळी वाटणी नीट झाली : सहा पारशी, पाच हिंदू, तीन मुसलमान आणि कप्तान पतियाळाचे शीख महाराज. अलीगढच्या कॉलेजचं क्रिकेट तेव्हा नावाजलेलं होतं, तिथलेही खेळाडू संघात आले. हिंदूंच्या वाट्यात बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम होते.

महाराज तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचे. लंडनला पंचम जॉर्ज बादशहाच्या राज्यारोहणाची धामधूम, मेजवान्या. महाराज थोडेच सामने खेळले. संघातला उत्तम फलंदाज मिस्त्री हा त्यांच्या पदरी नोकरीला, त्यामुळे तोही त्यांच्या मागोमाग गेला. उरलेला संघ हरत राहिला. तेवीस सामन्यांपैकी पंधरा हरले, सहाच जिंकले.

आणि बाळू? त्यांनी त्या एका मोसमात ११४ बळी घेतले. सरासरी प्रत्येक बळीमागं एकोणीसच्या आसपास धावा. वय पस्तीस, खांदा दुखावलेला, परका देश. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात आठ बळी. लीस्टरशायरला हरवलं ते त्यांच्याच गोलंदाजीवर. सॉमरसेटला हरवलं तेव्हा शिवराम यांनी नाबाद शतक ठोकलं. संघ हरला, पण पुण्याच्या खेळपट्टीवर रोलर ओढणारा माणूस हरला नाही.

त्याच उन्हाळ्यात इकडं कलकत्त्यात मोहनबागाननं फुटबॉलची शील्ड जिंकली. तारीख २९ जुलै १९११. समोर ईस्ट यॉर्कशायर पलटण, पायात बूट. मोहनबागानच्या एकाच खेळाडूच्या पायात बूट, बाकी दहा अनवाणी. दोन विरुद्ध एक गोलनं अनवाणी पाय जिंकले. हिंदू खेळाडूंच्या त्या विजयानं कलकत्त्यातल्या मुस्लिम फुटबॉल क्लबाची पोरं आनंदानं वेडी झाली, असं तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आलं. भारत-पाकिस्तान सामना असला की मला हमखास विचारलं जातं, ‘तुम्ही कुणाकडून?’ विचारणारा हसत विचारतो, मीही हसून उत्तर देतो. पण अशा वेळी मला ती कलकत्त्याची पोरं आठवतात. त्यांना कुणी विचारलं नसेल.

बाळूंचा इंग्लंडहून आल्यावर सत्कार झाला. तरी हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना रीतसर कधीच मिळालं नाही. १९२० साली या अन्यायावरून त्यांचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून अंग काढून घेतलं होतं. अखेर १९२३ मध्ये धाकट्या विठ्ठलना कप्तान केलं गेलं. बाळू पुढं राजकारणातही आले. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसकडून थेट डॉ. आंबेडकरांसमोर उभे राहिले आणि हरले. १९५५ साली ते गेले.

बळींचा आकडा स्कोअरबुकात राहतो. चहा कशात दिला, ते स्कोअरबुकात लिहीत नाहीत. ते आपण सांगायचं असतं, आणि सांगताना आपण स्वतः तिथं काय केलं, तेही.

आमचा तो बॉलर मध्यंतरी घरी आला होता. बायकोनं नव्या कपांतून चहा आणला. जुन्या सामन्यांच्या गप्पा निघाल्या. मी त्या कानतुटक्या कपाचा विषय काढणार, तेवढ्यात तो उठला आणि आपला रिकामा कप घेऊन मोरीकडं गेला. मी म्हटलं, ‘अरे, राहू दे.’ तोवर त्यानं तो विसळूनही ठेवला होता.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)