दरमहा शेकडा एक

नाशिकला मुंबई-आग्रा रस्त्यावर उतरा आणि पांडवलेण्याच्या पायऱ्या चढायला लागा. धाप आजचीच लागेल. दहाव्या लेण्याच्या व्हरांड्यात पोचलात की मात्र खालच्या वसाहती, पाण्याच्या टाक्या, उड्डाणपूल सगळं पुसलं गेलेलं असेल. दगडाची पांढरी भुकटी उडतेय. इसवी सनाचं पहिलं-दुसरं शतक आहे. डोंगराला लोक त्रिरश्मी म्हणतात. पांडव इथं आलेले नाहीत, ते नाव फार नंतर चिकटणार आहे.

समोरचा पाथरवट भिंतीवर ब्राह्मी अक्षरं कोरतोय. देवाधर्माचं काही असेल म्हणून तुम्ही पुढं होता, तर तो चक्क ठेवीची पावती कोरतोय. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं हे लेणं भिक्खूंना दिलंय आणि वर ३००० कार्षापणं, म्हणजे नाणी, गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडं, म्हणजे संघांकडं, कायमची ठेवलीत. २००० एका श्रेणीत, दरमहा शेकडा एक व्याजानं. १००० दुसरीत, शेकडा पाऊण दरानं. मुद्दल कधीच परत मागायचं नाही, फक्त व्याज खायचं. मोठ्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, प्रत्येकी बारा कार्षापणं.

उभ्या उभ्या हिशेब करून बघा. २००० वर दरमहा वीस, म्हणजे वर्षाला २४०. वीस भिक्खू गुणिले बारा, तेही २४०. दानशूर माणूस, पण एक कवडी इकडची तिकडं नाही!

आता पाथरवटाला सोडा आणि गोवर्धनात या. गंगापूर रस्त्यानं गेलात तर आजही त्या नावाचं खेडं लागतं, त्या काळी ते अख्ख्या प्रांताचं ठाणं होतं. निगमसभा भरलीय. ठेवीचा मजकूर सगळ्यांदेखत वाचून दाखवला जातो, मग दप्तरी नोंदवला जातो. राजाच्या जावयानं आपला पैसा राजवाड्यात न ठेवता मागवाल्यांच्या हाती दिलाय, कारण राजे जातात, कोष्टी राहतात. नाशिकला आपण देवाचं गाव म्हणतो. माझ्या मते ते आधी हिशेबाचं गाव आहे आणि देवळं त्या हिशेबावर उभी राहिली.

राजे गेलेच. सातवाहन गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचं राज्य संपवलं. आता त्याच्या राज्यातलं चांदीचं एक नाणं तळहातावर घ्या. नहपानाचा चेहरा अजून दिसतोय, पण त्याच्यावरच नव्या राजाच्या डोंगराच्या कमानी ठोकल्यात. जुनं नाणं वितळवायची तसदी कोण घेतो? १९०६ साली जोगलटेंभीला अशा नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त, आणि त्यातली बहुतेक पुन्हा ठोकलेली.

तिसऱ्या लेण्यातही डोकवा. गौतमीपुत्रानं भिक्खूंना पूर्वी एक शेत दिलं होतं. कारकिर्दीच्या २४व्या वर्षी राजा आणि राजमाता मिळून गोवर्धनच्या अमात्याला कळवतात, की ते शेत कुणी कसत नाही, ते गावही ओस आहे, तेव्हा नगराच्या हद्दीतली आपली १०० निवर्तनं जमीन त्यांना द्या. तलाठी कार्यालयात हेलपाटे घातलेल्या कुणालाही हे वाचून बरं वाटेल. चूक झाली, राजानं ती मान्य केली, बदली जमीन दिली आणि सगळं दगडावर लिहून ठेवलं.

गावाचं नाव हवं असेल तर एकोणिसाव्या लेण्याशी जा. सातवाहन कुळातल्या कृष्ण राजाच्या वेळी नाशिकच्याच महामात्रानं ते खोदवलं, तसं खिडकीवर लिहिलंय. हे नहपानाच्याही आधीचं. दोन हजार वर्षांत गावाचं नाव मोडून पडलेलं नाही. मध्ये मोगलांनी गुलशनाबाद करून पाहिलं, पेशव्यांनी पुन्हा नाशिक केलं.

पुढची शतकं भराभर ओलांडा. अठराव्या शतकात गोदाकाठी उभे राहाल तेव्हा कानठळ्या बसतील, इतकं बांधकाम चाललंय. १७४७ मध्ये नारोशंकराचं रामेश्वर मंदिर होतं आणि त्याच्यावर वसईच्या मोहिमेतून आणलेली पोर्तुगीज घंटा चढते. १७५६ मध्ये गंगाधर यशवंत चंद्रचूडांचं सुंदरनारायण. मग रामशेजच्या खाणीतला काळा दगड पंचवटीत येऊ लागतो आणि सरदार रंगराव ओढेकर काळाराम बांधायला घेतात. शिखर बघण्याआधी जोत्याचे दगड हातानं चाचपा. दगड कुणी फोडले, कुणी वाहिले, त्यांची नावं कुठं कोरलेली नाहीत. याच देवळाच्या दारात २ मार्च १९३० पासून दलितांना देवळात जाता यावं म्हणून डॉ. आंबेडकर आणि भाऊराव गायकवाड यांना सत्याग्रह करावा लागला. पाच वर्षं. दार उघडलं नाही ते नाहीच. लेण्यात परक्या राजाचा जावई दान देऊन गेला आणि गावच्या माणसाला रामाच्या दारात उभं राहू दिलं नाही, हे नाशिकच्या खात्यावरचं देणं आहे.

इंग्रजी अमलात तुम्हाला चालावं लागणार नाही. १८४० साली वाचनालय निघालं, १८६४ मध्ये नगरपालिका आली, १८६९ मध्ये जिल्हा झाला. रेल्वे मात्र गावाला वळसा घालून काही मैल लांबून गेली. म्हणून १८८९ मध्ये ट्राम सुरू झाली. मेन रोडवर नगरपालिकेच्या इमारतीशी चढा. दोन डबे, पुढं चार घोडे. गाव संपलं की दुतर्फा झाडी, धूळ, घोड्यांच्या घामाचा वास, आणि मग नाशिकरोड स्टेशन. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. नाशिककरांना आजही त्या मार्गावर तेवढी बिनगर्दीची सोय मिळालेली नाही, हे माझं मत.

स्टेशनच्या पलीकडं १९२५ साली छापखाना उभा राहतो. तोवर लंडनहून छापून येणारी टपाल तिकिटं इथं निघू लागतात आणि १९२८ पासून नोटाही. कोष्ट्यांच्या खात्यापासून नोटांच्या छापखान्यापर्यंत गावाचा धंदा फारसा बदललेला नाही.

परतताना जुन्या गढीपाशी थांबा. १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी इथं खणलं तेव्हा लेण्यांच्याही आधीच्या वस्तीची मडकी निघाली. म्हणजे नाशिकचं सगळ्यात जुनं पान हेच. हा ढिगारा मातीचा आहे. दर पावसाळ्यात गढीची कड ढासळते, घरं रिकामी करायच्या नोटिसा लागतात, आणि पाऊस संपला की विषय मिटतो. तिथल्या कुटुंबांना नीट घरं आणि गढीला संरक्षक भिंत, ही दोन कामं महापालिकेकडं मागत राहा. आणि पुढच्या वेळी पाहुण्यांना पंचवटी दाखवायला नेलंत, तर त्यांना दहाव्या लेण्यातली ती पावतीही दाखवा.