फुकेतचे दार

अंदमान समुद्रातील फुकेत हे थायलंडचे सर्वांत मोठे बेट. २०१९ साली त्या देशात सुमारे चार कोटी परदेशी प्रवासी आले. फुकेतची चूल तर बहुतांशी पाहुण्यांवरच पेटते. एप्रिल २०२० मध्ये करोनामुळे परदेशी विमानांना बंदी झाली, तेव्हा रोगाआधी उपासमारच घरात शिरते की काय, अशी चिंता बेटाला पडली.

१ जुलै २०२१ पासून त्यावर एक तोडगा अमलात आला. लस घेतलेल्या परदेशी प्रवाशास विलगवासाविना बेटावर हिंडण्याची मुभा मिळाली. मात्र चौदा दिवस बेट सोडावयाचे नाही आणि वेळोवेळी तपासणी करून घ्यावयाची. तत्पूर्वी सत्तर टक्के रहिवाशांस लस टोचण्याचे उद्दिष्ट होते. देशात लशीचा तुटवडा असताही फुकेतला अग्रक्रम मिळाला, तो यासाठीच.

लवकरच डेल्टाची लाट उसळली. ३ ऑगस्टपासून, अत्यावश्यक कामे वगळता, मुख्य भूमीवरील देशबांधवांनाच बेटावर येण्यास मनाई झाली. विमानाने परदेशी पाहुणा मात्र उतरतच राहिला. भावास उंबऱ्याबाहेर ठेवून परक्यास पाट मांडावा, तसे ते दृश्य होते.

तथापि योजना टिकली. ऑक्टोबरात मुक्कामाची अट सात दिवसांवर आली आणि १ नोव्हेंबरला निवडक देशांतील लस घेतलेल्या प्रवाशांसाठी साऱ्या थायलंडचेच दार उघडले. पोट आणि प्राण यांचा मेळ लशीने घातला खरा. परंतु ती आधी कोणास मिळाली आणि कोण ताटकळला, हाही हिशेब इतिहासाने मांडावयास हवा.