नाबोथाचा द्राक्षमळा

बायबलच्या जुन्या करारातील ‘१ राजे’ या पुस्तकाच्या 21 व्या अध्यायातील कथा. अन्यायी राजसत्तेविषयीची बायबलची भूमिका इतक्या थोडक्यात क्वचितच अन्यत्र सापडते.

इस्राएलच्या उत्तर राज्याचा राजा अहाब (इ. स. पू. नववे शतक) ही ऐतिहासिक व्यक्ती असून इ. स. पू. 853 मधील कर्करच्या लढाईसंबंधीच्या अश्शूरी शिलालेखात त्याचा उल्लेख आहे. इज्रेल येथील त्याच्या वाड्याला लागून नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा होता. भाजीपाला लावण्यासाठी अहाबाने तो मागितला. बदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली. वाडवडिलांची जमीन देणार नाही, असे नाबोथाने सांगितले. त्याच्या नकाराला बायबलमधील नियमशास्त्राचा आधार होता : जमीन देवाची, ती कायमची विकता येत नाही (लेवीय 25:23).

राजा रुसून, तोंड फिरवून पलंगावर पडला, जेवेना. मग राणी ईजबेल हिने त्याच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर त्याची मोहोर उठवली आणि गावच्या वडीलजनांना व सरदारांना धाडली : उपास जाहीर करा, नाबोथाला लोकांपुढे मानाच्या जागी बसवा, समोर दोन नीच माणसे बसवून त्याने देवाला व राजाला शाप दिला अशी साक्ष देववा. तसेच झाले आणि नाबोथाला दगडमार करून ठार केले. साक्षीदार दोन हवेत, ही नियमशास्त्राची अट (अनुवाद 19:15) काटेकोर पाळली गेली. खून झाला तो रीतसर खटला चालवून. सांगितले तसे करणाऱ्या वडीलजनांपैकी एकानेही हरकत घेतल्याचे कथेत नाही, आणि त्यांना शिक्षा झाल्याचेही नाही. ही उणीव खटकते.

अहाब मळ्याचा ताबा घ्यायला गेला तेव्हा संदेष्टा एलीया याने त्याला तिथेच गाठले. पत्रे राणीची असली, तरी खुनाचा आणि बळकावणीचा दोष त्याने राजावरच ठेवला. अहाबाने गोणपाट नेसून पश्चात्ताप केल्यावर घराण्यावरचे अरिष्ट त्याच्या मुलाच्या काळापर्यंत लांबले. पुढे सेनापती येहूने बंड करून अहाबपुत्र योराम याला मारले, प्रेत नाबोथाच्याच जमिनीत टाकवले (२ राजे 9) आणि ईजबेललाही खिडकीतून खाली लोटवले.

चौथ्या शतकात मिलानचे बिशप अँब्रोज यांनी या कथेवर स्वतंत्र ग्रंथ लिहून धनिकांच्या हावेवर टीका केली. कथेच्या शेवटाबाबत मात्र बायबलमध्येच दोन सूर आहेत. येहूचे बंड देवाच्या आज्ञेने झाल्याचे ‘२ राजे’ सांगते. उलट होशेयच्या पुस्तकात (1:4) इज्रेलातील रक्तपाताबद्दल येहूच्याच घराण्याला शिक्षा सांगितली आहे.