परिचारिकांची नोंदवही : एका वादाचा इतिहास

परिचर्या हा शिकून करावयाचा व्यवसाय आहे, हे आज कोणाला पटवून द्यावे लागत नाही. परंतु तो करण्याची पात्रता कोणती आणि तिचा निर्वाळा द्यावयाचा कोणी, यावर इंग्लंडात तीस वर्षांहून अधिक काळ वाद झडला. त्या वादात खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल नोंदणीच्या विरुद्ध बाजूस होत्या, हे वाचून पुष्कळांना नवल वाटेल. हाती दिवा घेऊन रुग्णांमधून फिरणारी करुणामूर्ती हे त्यांचे चित्र आपल्या मनावर इतके ठसले आहे की, त्यामागची काटेकोर, आकडेवारीत रमणारी, प्रसंगी हेकट बाई दिसेनाशी झाली आहे.

क्रिमियाच्या युद्धातील त्यांच्या कार्याच्या गौरवार्थ सुमारे ४५,००० पौंडांचा निधी जमला. त्यातून ९ जुलै १८६० रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची परिचारिका-शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थिनी होत्या आणि शिक्षण एक वर्षाचे. मेट्रन वॉर्ड्रोपरबाई प्रत्येकीचा मासिक तक्ता भरीत. त्यात कामातील कौशल्याचे रकाने होते, तसेच वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा आणि टापटीप यांचेही होते. व्यवसायनीतीची संहिता म्हणून आज जी कलमे छापली जातात, त्यांचे बीज माझ्या मते या रुक्ष तक्त्यात आहे. नीती हा उपदेशाचा विषय न राहता दर महिन्याला पारखण्याचा विषय झाला, ही गोष्ट लहान नव्हे.

शाळा वाढल्या तसा गोंधळही वाढला. कोठे एक वर्षाचे शिक्षण, कोठे दोन, कोठे तीन. एखाद्या रुग्णालयातून चार महिन्यांत काढून टाकलेली बाईही गणवेश चढवून खाजगी घरी परिचारिका म्हणून जाऊ शके, आणि घरच्या मंडळींना खरे-खोटे कळण्यास मार्ग नसे. सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या माजी मेट्रन एथेल बेडफर्ड फेनविक यांनी हे दुखणे नेमके ओळखले. २४ व्या वर्षी मेट्रन झालेल्या या बाईंनी १८८७ साली ब्रिटिश नर्सेस असोसिएशन स्थापून मागणी केली की, तीन वर्षांचे शिक्षण घेतलेल्या परिचारिकांचीच नोंद एका सार्वजनिक वहीत व्हावी.

नाइटिंगेलबाईंनी कडाडून विरोध केला. परीक्षेने ज्ञान कळेल, शील कसे कळणार? प्रमाणपत्र हे त्या दिवसापुरते. दहा वर्षांनी तीच बाई रुग्णाच्या उशाशी कशी वागते, हे वहीला काय ठाऊक? चांगली आणि सुमार अशा दोघींची नावे एकाच यादीत आली की, चांगलीचेच मोल उतरते. युक्तिवाद बिनतोड वाटतो खरा. पण त्यात एक उणीव होती. शीलाची पारख करणारी मेट्रन प्रत्येक रुग्णालयात वॉर्ड्रोपरबाईंसारखी असेलच, याची हमी कोण देणार? आणि खाजगी घरात तर मेट्रनच नव्हती. उलटपक्षी, फेनविकबाईंच्या आग्रहात कुलीनतेचा अहंकार होता, हेही मान्य केले पाहिजे. बड्या रुग्णालयांच्या व्यवस्थापकांनी नाइटिंगेलबाईंची बाजू उचलून धरली, ती मात्र निव्वळ शीलाच्या काळजीने असे मानणे भाबडेपणाचे होईल. विद्यार्थिनींचे स्वस्त श्रम त्यांना हवे होते.

१९०१ साली न्यूझीलंडने नोंदणीचा कायदा करून मायदेशालाही मागे टाकले. ब्रिटिश पार्लमेंटात मात्र विधेयकामागून विधेयक पडत राहिले. ज्यांच्या व्यवसायाचा निर्णय तेथे व्हावयाचा, त्या स्त्रियांना तोवर मताधिकारही नव्हता. १९१० मध्ये नाइटिंगेलबाई निवर्तल्या. पुढे महायुद्धात अल्पशिक्षित स्वयंसेविका हजारोंनी रुग्णालयांत आल्या आणि शिक्षित परिचारिका कोण, हा प्रश्न टाळणे अशक्य झाले. डिसेंबर १९१९ मध्ये कायदा झाला. १९२१ साली उघडलेल्या वहीत पहिले नाव फेनविकबाईंचे होते.

आपल्याकडे प्रश्नाचे रूप निराळे होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी नाइटिंगेलबाईंचा पत्रव्यवहार होता. त्या सभेचे प्राण असलेल्या न्यायमूर्ती रानड्यांच्या पश्चात रमाबाईंनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढले आणि विधवांना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेण्यास प्रवृत्त केले. पांढरपेशा घरातील बाईने परक्याच्या जखमा धुवाव्यात, मलमूत्र काढावे, ही कल्पनाच तेव्हा समाजाला असह्य होती. इंग्लंडात नोंदणी हा दर्जाचा प्रश्न होता. येथे शिकलेल्या विधवेला प्रमाणपत्र म्हणजे पोटाचा आधार, आणि लोकापवादाला दाखविण्याजोगे उत्तरही.

बेळगाव-धारवाडसह मुंबई इलाख्यात १९३५ साली नोंदणीचा कायदा आला. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर या संस्थानी मुलखास तो लागू नव्हता. प्रांताप्रांतांतील ही तफावत काढून शिक्षणाचा दर्जा देशभर एकसारखा करण्यासाठी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, तो ३१ डिसेंबर १९४७ रोजी. त्याच वर्षी मार्चमध्ये फेनविकबाई वारल्या होत्या. २०२३ साली संसदेने त्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा नवा कायदा संमत केला. नोंदवही राहिली, आणि विद्यार्थिनींच्या प्रात्यक्षिकाचे मूल्यमापन करणाऱ्या तक्त्यांत वक्तशीरपणा व टापटीप यांचे रकानेही राहिले आहेत.