भट्टीत जोडलेली काचपात्रे : एका तंत्राचा लोप आणि पुनरुज्जीवन

प्रस्तावना

काचपात्र म्हटले की फुंकनळी हाती घेतलेला कारागीर डोळ्यांसमोर येतो. वस्तुतः फुंकनळीचा शोध लागण्यापूर्वी सुमारे 1400 वर्षे पश्चिम आशियात व इजिप्तमध्ये काचेची पात्रे घडविली जात होती. त्यांतील एक महत्त्वाची पद्धत म्हणजे काचेचे तुकडे भट्टीत तापवून एकजीव करणे आणि त्या चकतीला साच्यावर वाडग्याचा वा तबकाचा आकार देणे. हे तंत्र इसवी सनाच्या पहिल्या शतकात मागे पडले आणि विसाव्या शतकात पुन्हा प्रचारात आले. या लोपाची व पुनरुज्जीवनाची कारणमीमांसा करणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

तंत्राचे स्वरूप

या पद्धतीत दोन टप्पे असतात. प्रथम निरनिराळ्या रंगांचे काचतुकडे शेजारी शेजारी मांडून सुमारे 800 अंश सेल्सिअसपर्यंत तापविले जातात. त्यांच्या कडा वितळून एक सलग चकती तयार होते. नंतर ती चकती साच्यावर ठेवून सुमारे 650 ते 700 अंशांपर्यंत तापविली असता मऊ होऊन स्वतःच्या भाराने साच्याचा आकार घेते. दोन्ही टप्प्यांनंतर काच अत्यंत सावकाश थंड करावी लागते. या अनुशीतनात घाई झाल्यास अंतर्गत ताण राहून पात्र तडकते. दोन काचांचे प्रसरण गुणांक भिन्न असतील, तर कितीही सावकाश थंड केले तरी त्यांच्या सांध्यावर ताण उरतोच. पुढील सर्व इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

प्राचीन परंपरा

रंगीत काचतुकडे जोडून केलेल्या पात्रांचे अवशेष इराकमधील तेल अल्-रिमाह येथे मिळाले असून ते इ.स.पू. 15 व्या शतकाच्या सुमाराचे आहेत. हेलेनिस्टिक काळात ही कला परमोत्कर्षास पोहोचली. इटलीतील कानोसा येथील, इ.स.पू. तिसऱ्या शतकातील वाडग्यांत रंगहीन काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याच्या वर्खाची नक्षी बसविलेली आहे. हे वाडगे ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ग्रीसमधील अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून 1900-1901 मध्ये काढलेल्या मालातही रंगीत तुकड्यांचे वाडगे होते.

येथे एक प्रश्न उद्भवतो. प्रसरण गुणांकाची संकल्पना ठाऊक नसताना प्राचीन कारागिराला भिन्न रंगांच्या काचा कशा जोडता आल्या? याचे उत्तर बव्हंशी कच्च्या मालात सापडते. त्या काळी भूमध्य प्रदेशातील काच मोजक्या ठिकाणी वाळू व खनिज सोड्यापासून बनविली जाई. तिचे गोळे दूरवरच्या कार्यशाळांना पाठविले जात आणि रंगद्रव्ये अल्प प्रमाणात मागाहून मिसळली जात. परिणामी रंग वेगळे असले तरी मूळ काच जवळजवळ एकच राही.

दख्खनचा संदर्भ

याच कच्च्या काचेचा व्यापार भारतापर्यंत पोहोचला होता. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रंथात बॅरिगाझा म्हणजे भडोच व मुझिरिस या बंदरांतील आयातीत कच्च्या काचेचा उल्लेख आहे. पैठण व तेर येथील माल भडोचला जाई, असेही तो ग्रंथ सांगतो. दख्खनमधील उत्खननांत काचेचे मणी व बांगड्या विपुल मिळतात. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी 1969 मध्ये मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भारतीय काचेच्या इतिहासाची पद्धतशीर मांडणी केली. पुदुच्चेरीजवळील अरिकमेडू येथे भूमध्यसागरी बनावटीच्या पन्हळीदार वाडग्यांचे तुकडे मिळाले आहेत. अशा वाडग्यांची आतील बाजू चाकावर घासलेली, तर बाहेरील बाजू भट्टीच्या उष्णतेनेच चकाकलेली असते. कारण उपड्या साच्यावर काच बसताना आतील पृष्ठभाग साच्याला टेकलेला असतो. लिखित साधने मौन असतात तेथे हा पृष्ठभागच पुरावा ठरतो.

लोपाची कारणे

इ.स.पू. पहिल्या शतकाच्या मध्यास काच फुंकण्याचे तंत्र उदयास आले. जेरुसलेम येथे त्याचे आरंभीचे अवशेष मिळाले आहेत. ज्या पात्रासाठी पूर्वी दोनदा भट्टी पेटवावी लागे आणि नंतर घासकाम करावे लागे, ते आता अल्पावधीत होऊ लागले. रोममध्ये काचेचा पेला तांब्याच्या एका नाण्याला मिळतो, अशी नोंद स्ट्रॅबोने केली आहे. अभिरुचीही बदलली, स्फटिकासारख्या रंगहीन काचेला सर्वाधिक मोल असल्याचे प्लिनी सांगतो. तात्पर्य, जुने तंत्र निकृष्ट ठरले नव्हते. ते महाग ठरले.

आधुनिक पुनरुज्जीवन

1870 च्या दशकात मुरानोच्या कारागिरांनी प्राचीन रंगीत पात्रांच्या धर्तीवर पात्रे घडविली. परंतु आधुनिक रंगीत काचांची रासायनिक घडण परस्परांहून फार भिन्न असल्याने जुनी अडचण अधिकच तीव्र झाली होती. शिकागो येथे 1948 पासून फ्रान्सिस व मायकेल हिगिन्स या दांपत्याने वेगळी वाट काढली. साध्या काचेच्या दोन पत्र्यांमध्ये मीनारंगाची नक्षी ठेवून त्यांनी तबके व वाडगे घडविले. आधारभूत काच एकच राहिल्याने तडा जाण्याचा धोका कमी झाला. पुढे जर्मन कलावंत क्लाउस मोये यांच्या आग्रहातून अमेरिकेतील पोर्टलंड येथील बुल्सआय कंपनीने, 1979 नंतर, परस्परांशी जुळणाऱ्या रंगीत काचा तयार करण्यास आरंभ केला. मोये 1982 मध्ये ऑस्ट्रेलियात गेले व कॅनबेरा येथील कलाशाळेत त्यांनी ही विद्या शिकविली. अशा काचा उपलब्ध झाल्यावर छोटी विद्युतभट्टी असणाऱ्यालाही हे काम साध्य झाले.

समारोप

प्राचीन कारागिराला जी एकरूपता व्यापारव्यवस्थेने आयती दिली, ती आधुनिक कारागिराला रसायनशास्त्राच्या साहाय्याने नव्याने निर्माण करावी लागली. तंत्राचा इतिहास केवळ शोधांची चढती कमान नसतो, हे यावरून स्पष्ट होते. कौशल्याचे आयुष्य कच्चा माल, बाजार व अभिरुची यांवर अवलंबून असते. हस्तव्यवसायाची अखंड परंपरा खंडित झाली, तरी वस्तूवर उमटलेल्या खुणा वाचून ती पुन्हा जोडता येते. म्हणूनच संग्रहालयांच्या कोठारांतील काचतुकड्यांची नोंद करताना आकार व रंग यांबरोबरच पृष्ठभागावरील घडणीच्या खुणाही टिपणे अगत्याचे आहे. त्या नोंदीअभावी तुकडा जतन होतो. मात्र तो घडविणाऱ्या हाताचे ज्ञान हरवते.