पाहुण्याची ओसरी आणि संगणकाची किल्ली

पाहुणा दारात आला, की त्याला पाय धुवायला पाणी द्यावे, ओसरीवर घोंगडी अंथरावी, गूळपाणी पुढे करावे, ही आपल्या गावाकडची रीत. जुन्या वाड्याची बांधणी आठवून पाहा. आधी देवडी, मग चौक, मग सोपा, सोप्याच्या मागे माजघर, आणि माजघराच्या आत कोठीची खोली. सोप्यावर कोणीही बसावे, माजघरात घरच्यांनी जावे, आणि कोठीची किल्ली मात्र घरातल्या कर्त्या बाईच्या कमरेला. ह्यात पाहुण्याचा अपमान आहे असे कोणाला वाटत नसे. उलट, आपण कोठवर जायचे हे न विचारता कळत असल्यामुळे तोही मोकळेपणाने बसे.

वाचकहो, हे सांगायचे कारण असे, की आपल्या घरात आणि शाळेत संगणक आला, पण त्याला ओसरी ठेवायला आपण विसरलो. दिवाळीच्या सुट्टीत भाचा येतो, "मामा, जरा लॅपटॉप द्या ना" म्हणतो, आणि आपण तो उघडाच त्याच्या हातात देतो. त्याच यंत्रात बँकेचा व्यवहार असतो, सोसायटीचा हिशेब असतो. गुरुजींच्या यंत्रात तर साऱ्या वर्गाची नावे, आधार क्रमांक आणि गुण असतात. भाचा गुणीच असतो हो! प्रश्न त्याच्या चारित्र्याचा नाही. एका यंत्रावर अनेकांनी बसायचे झाल्यास कोणाला कोठवर जाऊ द्यावे, असा हा प्रश्न आहे. आणि त्याला चांगला साठ वर्षांहून मोठा इतिहास आहे.

अगदी आरंभीच्या संगणकांना हा प्रश्नच नव्हता. यंत्र खोलीभर मोठे आणि एका वेळी काम एकाचेच. आपले गणित भोके पाडलेल्या पत्त्यांवर उतरवून खिडकीतून आत द्यायचे आणि उत्तर केव्हा बाहेर येईल त्याची वाट पाहायची. १९६१ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत, जिला एमआयटी म्हणतात, तेथे फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवी व्यवस्था करून दाखविली. कालव्याच्या पाण्याची पाळी आपल्याला ठाऊकच आहे. आज ह्याच्या शेताला, उद्या त्याच्या. तशीच संगणकाच्या वेळेची पाळी त्यांनी लावली. मात्र ती इतक्या झपाट्याने फिरे, की प्रत्येकाला वाटावे, सारे पाणी माझ्याच पाटात येत आहे. ह्या व्यवस्थेचे नाव सीटीएसएस.

आता पाट एक आणि शेतकरी अनेक म्हटल्यावर बांध घालणे आलेच. प्रत्येकाची कागदपत्रे त्याच यंत्रात राहू लागली. ती एकमेकांच्या हाती पडू नयेत म्हणून कोर्बातो ह्यांनी प्रत्येकाला नाव दिले आणि नावाबरोबर परवलीचा शब्द दिला. ही कल्पना त्यांची स्वतःची नव्हे, ती छावणीतली आहे. रोमन छावणीत रात्रीचा परवलीचा शब्द लाकडी पट्टीवर लिहून तुकडी-तुकडीतून कसा फिरवीत, आणि अंधार पडण्यापूर्वी पट्टी परत आली की नाही हे कसे तपाशीत, ह्याचे वर्णन ग्रीक इतिहासकार पॉलिबियस ह्याने करून ठेवले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा पहारेकरी असा यंत्राच्या दाराशी येऊन उभा राहिला.

पण पहारेकरी उभा केला म्हणजे चोरी टळली असे थोडेच आहे! १९६२ साली त्याच संस्थेतल्या ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला मिळणारे यंत्राचे मोजके तास पुरेनात. त्याने काय केले? सगळ्यांचे परवलीचे शब्द ज्या फायलीत होते, ती फाईल छापून मिळावी अशी विनंती एका पत्त्यावर भोके पाडून यंत्रालाच केली. यंत्राने निमूटपणे ती छापून दिली! ही गोष्ट त्याने स्वतःच सांगितली, तीही पाव शतकानंतर. पुढे त्याच दशकाच्या मध्यास आणखी एक गंमत झाली. रोज यंत्र सुरू करताना सर्वांना दिसणारी सूचना आणि परवलीच्या शब्दांची फाईल ह्यांची अदलाबदल झाली, आणि जो येईल त्याच्यापुढे सगळ्यांचे शब्द झळकू लागले. तो शुक्रवार होता, संध्याकाळचे पाच वाजले होते, आणि मग साऱ्यांचे शब्द बदलत बसावे लागले. ह्या घोटाळ्याची गोष्ट कोर्बातो ह्यांनी पुढे आपल्या ट्युरिंग पारितोषिकाच्या भाषणातही सांगितली.

ह्याच संस्थेत ह्याच्या नेमका उलट प्रयोगही चालला होता, आणि इतिहासाच्या माणसाला तो सोडून पुढे जाता येणार नाही. तेथल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेतील मंडळींनी साठच्या दशकाच्या अखेरीस जी यंत्रव्यवस्था रचली, तिला कुलूपच ठेवले नव्हते. बाहेरचे लोक येत. त्यांना 'टूरिस्ट', म्हणजे प्रवासी, असे म्हणत आणि गर्दी नसलेल्या वेळी यंत्र वापरू देत. यंत्र बंद पाडण्याची खुमखुमी काही पोरांना असतेच. म्हणून ह्या लोकांनी यंत्र बंद पाडण्याची एक साधी आज्ञाच सर्वांना देऊन ठेवली. जे कोणीही करू शकतो त्यात कसली मर्दुमकी? ही पाहुणचाराची कल्पना मला मनापासून आवडते. पण तेथे सारे एकमेकांना ओळखत होते, आणि त्या यंत्रात कोणाच्या बँकेचे खाते नव्हते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

१९७५ साली जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर ह्या दोघांनी एका निबंधात ह्या विषयाचे सूत्रच मांडले. कामाला जेवढा अधिकार लागेल तेवढाच माणसाला द्यावा, आणि कार्यक्रमालाही तेवढाच द्यावा. म्हणजे पाणी भरायला आलेल्या माणसाला विहिरीचा रस्ता मोकळा असावा, कोठीची किल्ली कशाला? सूत्र साधे आहे, पण संगणकाच्या इतिहासातली निम्मी दुखणी ते न पाळल्यामुळे झाली आहेत, असे माझे मत आहे.

तोवर बेल प्रयोगशाळेत, १९६९ पासून, युनिक्स ही व्यवस्था आकारास येत होती. तीत एक सर्वाधिकारी खाते असे, त्याचे नाव 'रूट', म्हणजे मूळ. बाकीचे सारे साधे रहिवासी. आता रहिवासी आपल्या दाराला कुलूप कसले लावतात, हे रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन ह्यांनी तपासून १९७९ साली प्रसिद्ध केले. ३,२८९ परवलीचे शब्द त्यांनी पाहिले. त्यांतले २,८३१ सहज ओळखता येतील असे निघाले. शंभरात शहाऐंशी! कोणी एकच अक्षर ठेवलेले, कोणी दोन, कोणी शब्दकोशातला सरळ शब्द. आज आपण मुलाचे नाव किंवा जन्मसाल ठेवतो. माणूस काही बदललेला नाही.

ह्याचे फळ काय मिळाले ते १९८६ साली दिसले. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल नावाचे खगोलशास्त्रज्ञ संगणकाचे हिशेब पाहू लागले होते. त्यांच्या हिशेबात ७५ सेंटांची, म्हणजे पाऊण डॉलरची, तूट आली. पाऊण डॉलर! आपल्याकडे एखाद्या कारकुनाने खिशातून भरून टाकले असते. स्टॉल चिकाटीचे निघाले. कोणीतरी परका यंत्रात वावरतो आहे हे त्यांच्या ध्यानात आले आणि माग काढता काढता ते थेट जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरापर्यंत पोहोचले. हा माणूस अमेरिकन लष्करी यंत्रांतली माहिती शोधत होता आणि ती सोव्हिएत हेरखात्याला विकली जात होती. त्याने सुमारे ४५० यंत्रांची दारे ठोठावली, आणि ३० हून अधिक उघडली. पुष्कळ ठिकाणी त्याने कुलूप फोडलेच नाही. 'गेस्ट', 'व्हिजिटर' अशी पाहुण्यांची खाती, किंवा दुरुस्तीच्या कारागिरासाठी कारखान्यातूनच उघडून दिलेले खाते, ही कोणी बंद केलेली नव्हती. पाहुण्यासाठी उघडलेले दार पाहुणा गेल्यावर लावून घ्यायचे राहिले, एवढेच.

दोन वर्षांनी, २ नोव्हेंबर १९८८ रोजी, आपोआप पसरणाऱ्या एका कार्यक्रमाने अमेरिकेतील हजारो यंत्रे बंद पाडली. तो इतर वाटांबरोबरच ४३२ नेहमीच्या शब्दांची यादी घेऊन परवलीचे शब्द ओळखीत फिरत होता. तो लिहिणारा तरुण कोण, तर वर सांगितलेल्या रॉबर्ट मॉरिस ह्यांचा मुलगा.

आता घरच्या संगणकाकडे येऊ. तो आला 'वैयक्तिक' म्हणून. एका माणसाचे यंत्र, मग खोल्या कशाला, असा विचार. विंडोज ९५ मध्ये नाव आणि परवलीचा शब्द विचारणारी चौकट येई खरी, पण ती नुसती रद्द केली तरी आत जाता येई. म्हणजे दार होते, भिंत नव्हती. खऱ्या भिंती कार्यालयांसाठीच्या विंडोज एनटी मध्ये १९९३ सालीच होत्या. त्या घरगुती यंत्रात २००१ साली विंडोज एक्सपीबरोबर आल्या. पण तेथेही घरातल्या प्रत्येकाला सुरुवातीला सर्वाधिकारच मिळत. कोठीची किल्ली सगळ्यांच्या कमरेला! २००७ साली आलेल्या व्हिस्टाने मोठे काम करण्यापूर्वी परवानगी विचारायला सुरुवात केली, तर लोक कंटाळून ते विचारणेच बंद करू लागले. पुढे विंडोज १० मध्ये पाहुण्यांचे तयार खाते नेहमीच्या मांडणीतून दिसेनासे झाले. ॲपलच्या यंत्रात २००७ पासून पाहुण्याचे असे खाते आले, की पाहुणा उठला की त्याचा सगळा पसारा पुसला जावा. कल्पना उत्तम. पण २००९ साली एका दोषामुळे काही यंत्रांवर पाहुण्याऐवजी घरमालकाचेच कागद पुसले गेले! दोष पुढे दुरुस्त झाला. तरी महत्त्वाच्या कागदांची दुसरी प्रत यंत्राबाहेर असावी, हे त्यावरून समजावे.

तर आपण काय करावे? यंत्राच्या सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स' म्हणून भाग असतो, तेथे दुसरे खाते उघडता येते. पाहुण्यासाठी असे एक खाते उघडावे आणि ते 'स्टँडर्ड', म्हणजे साध्या प्रकारचे ठेवावे, 'ॲडमिनिस्ट्रेटर' प्रकारचे नव्हे. त्यात बसलेल्या माणसाला सिनेमा पाहता येतो, अर्ज भरता येतो, पत्र लिहिता येते. पण तुमच्या खात्यातली कागदपत्रे उघडत नाहीत, ब्राउझरमध्ये साठवलेले तुमचे परवलीचे शब्द दिसत नाहीत, आणि साऱ्या यंत्राला लागू होणारे काही बसवायचे झाल्यास मालकाचा शब्द लागतो. अर्थात तुमच्या स्वतःच्या खात्याला परवलीचा शब्दच नसेल तर हा सगळा खटाटोप फुकट. पाहुणा चुकून का होईना, शेजारचे नाव दाबील आणि थेट माजघरात येईल.

एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटते. आपल्याकडे सी आणि डी असे दोन कप्पे करून कामाचे कागद डी मध्ये ठेवण्याची सवय आहे. खात्यांची भिंत तुमच्या स्वतःच्या फोल्डरभोवती असते. डी कप्पा हा सहसा सगळ्यांचा चौक. गुणपत्रके तेथे ठेवली असतील तर ती पाहुण्यालाही दिसतील. ती आपल्या 'डॉक्युमेंट्स'मध्ये हलवावीत.

आणखी पुढे जायचे तर मालकानेही रोजचे काम साध्या खात्यातूनच करावे, सर्वाधिकाराचे खाते वेगळे ठेवावे. त्याचा शब्द विसरण्याची भीती वाटत असेल तर कागदावर लिहून कपाटात, जमिनीच्या उताऱ्यांबरोबर ठेवावा. कागदावर लिहू नये असे शहाणे लोक सांगतात, पण ते कार्यालयाच्या टेबलाबद्दल बोलत असतात. घरच्या कपाटापर्यंत हॅनोव्हरचा माणूस पोहोचत नाही.

शाळेत मुलांसाठी 'विद्यार्थी' नावाचे एक साधे खाते पुरते. वर्गातून उठताना गुरुजींनी विंडोजची कळ आणि एल ही अक्षरकळ एकदम दाबावी, म्हणजे त्यांची खोली तेवढ्यापुरती कुलूपबंद होते. आणि भाचा परत गेला की त्याचे खाते काढून टाकावे. खाते काढताना त्यातल्या फायलीही जातात, म्हणून आधी त्याला फोन करून विचारावे, "बाळ, तुझे फोटो त्यात राहिले आहेत का?"