अंधारात ऐकायची नाटकं

१५ जानेवारी १९२४, मंगळवारची संध्याकाळ. लंडनमध्ये थेम्सच्या काठाजवळच्या सॅव्हॉय हिल नावाच्या इमारतीत तुम्ही आला आहात. इथे बीबीसीचा स्टुडिओ आहे. दार लोटून आत या आणि एकदा टाळी वाजवून पाहा. आवाज तळहातातच विरतो. घुमारा उठू नये म्हणून सगळीकडे जाड कापडाचे पडदे सोडलेत. बीबीसी सुरू होऊन जेमतेम चौदा महिने झालेत. आजवर इथे नाटकं झाली ती रंगमंचासाठी लिहिलेली, मायक्रोफोनपुढे उभं राहून म्हटलेली. आजचं नाटक मात्र फक्त ऐकण्यासाठीच लिहिलंय. लेखक रिचर्ड ह्यूज अवघा तेवीस वर्षांचा. दिग्दर्शक नायजेल प्लेफेअर यांनी मागणी केली आणि त्याने घाईघाईने ते लिहून दिलं. नाव 'अ कॉमेडी ऑफ डेंजर'.

श्रोत्यांना सांगितलं जातं, घरातले दिवे मालवा. मग तुम्ही वेल्समधल्या एका कोळशाच्या खाणीत उतरता. खाण पाहायला आलेले तिघे जण तुमच्याबरोबर आहेत, एक तरुण जोडी आणि एक म्हातारा. अचानक खाणीतले दिवे जातात. आता त्या तिघांना काही दिसत नाही आणि तुम्हालाही नाही. पाणी आत शिरतं, चढत जातं. कोण कुठे उभं आहे हे त्यांना एकमेकांच्या आवाजावरूनच कळतं, तसंच ते तुम्हालाही कळतं. लांबून खाणकामगारांचं गाणं ऐकू येतं. ते गाणारे खरेखुरे वेल्श खाणकामगार आहेत, लंडनच्या रस्त्यांवर गाऊन पैसे मिळवणारे. एकदा गायला लागले की थांबत नाहीत, म्हणून त्यांना बाहेर बोळात उभं केलंय. दार उघडलं की गाणं आत येतं, दार लावलं की नाहीसं होतं. खाणीची खोली तयार होते ती त्या एका दारातून.

हे नाटक तुम्हाला इथे आणूनच ऐकवावं लागलं, कारण त्या संध्याकाळचं ध्वनिमुद्रण नाही. संहिता तेवढी उरली. पण काय ऐकावं असं मला कुणी विचारलं की मी याच नाटकापासून सुरुवात करतो. कानाने ऐकायच्या गोष्टीत चित्र नाही, याला बहुतेक जण उणीव समजतात आणि ती भरून काढायला बसतात: ढीगभर संगीत, दारांची करकर, पावलांची खडखड, प्रत्येक वाक्यामागे वारा. ह्यूजने दिसणंच काढून टाकलं आणि न दिसण्याचीच गोष्ट केली. माझी कसोटी तेव्हापासून तीच आहे. जिथे अंधार हा कथेचाच भाग आहे, तिथे आधी जावं.

अकरा वर्षं पुढे चला. १९३५ सालचा नोव्हेंबर, इंग्लंडमधलंच एक साधं घर. खुर्चीत बसलेला माणूस पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावून परतलेला आहे. अशा सैनिकांपैकी अनेकांना ब्रेल शिकणं जड गेलं. तरुणपणानंतर बोटांना नवी लिपी शिकवणं सोपं नसतं. आज त्याच्या टेबलावर एक ग्रामोफोन आहे. त्याची तबकडी इतरांच्या मानाने फारच हळू फिरते, मिनिटाला २४ फेरे. नेहमीच्या तबकडीवर चारेक मिनिटांचं गाणं मावतं. हिच्या एका बाजूवर सुमारे पंचवीस मिनिटांचं वाचन मावतं. अशा तबकड्यांचा एक गठ्ठा म्हणजे एक संपूर्ण कादंबरी. 'टॉकिंग बुक' म्हणतात याला. पहिल्या पुस्तकांत जोसेफ कॉनरॅडचं 'टायफून' आहे आणि अगाथा ख्रिस्तीचं 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड'. तो सुई टेकवतो. कुणाच्याही मदतीवाचून, कुणाच्या सवडीची वाट न पाहता, आपल्याला हव्या त्या वेळी तो पुस्तक 'वाचतो' आहे. त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसू नका. शेजारच्या खुर्चीत बसा आणि त्याच्याबरोबर ऐका.

आज आपण फोनवर ऐकतो त्या ऑडिओबुकचं घराणं हे असं आहे. अंध माणसांनी ते हक्काने मिळवलं आणि मग ते सगळ्यांचं झालं. म्हणून ऑडिओबुकला आळशी वाचन म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आणि निवड तरी काय नेमकी केली होती बघा! 'टायफून'मध्ये कॅप्टन मॅकव्हरचं जहाज वादळात सापडतं, काळोखात समुद्र जहाजावर कोसळतो, माणसं एकमेकांच्या कानाशी ओरडून बोलतात. 'रॉजर अ‍ॅक्रॉइड' गावचा डॉक्टर स्वतः सांगतो. कागदावर तो निवेदक असतो, कानात तो तुमच्या शेजारी बसलेला, विश्वासाने बोलणारा माणूस होतो. या कादंबरीत त्याने किती फरक पडतो हे मी सांगणार नाही. वाचली नसेल तर वाचू नका, पहिल्यांदा ऐकाच.

३० ऑक्टोबर १९३८, न्यूयॉर्क. इथे फार वेळ थांबायचं कारण नाही, ऑर्सन वेल्सच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'बद्दल आधीच पुष्कळ बोलून झालंय. नाटकातला मंगळवासीयांचा हल्ला खरा समजून सगळी अमेरिका रस्त्यावर धावली हे वर्णन वर्तमानपत्रांनी बरंच फुगवलेलं होतं. पण एका क्षणासाठी नक्की या. न्यू जर्सीतल्या ग्रोव्हर्स मिलहून वार्ताहर बोलतोय, मागे गर्दीचा कोलाहल, आणि मध्येच त्याचा आवाज तुटतो. त्यानंतर काहीच नाही. रेडिओवर काही सेकंदांची शांतता किती लांब वाटते ते तिथे कळतं. ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. पूर्वार्ध ऐका. उत्तरार्धात एकटा प्राध्यापक फार बोलत राहतो.

आता २५ जानेवारी १९५४, पुन्हा लंडन. भाड्याची खोली, थंडी कडाक्याची, नाणं टाकल्यावर पेटणारी गॅसची शेगडी. बीबीसीच्या थर्ड प्रोग्रॅमवर डिलन टॉमसचं 'अंडर मिल्क वुड' पहिल्यांदाच लागणार आहे. कवी मात्र नाही. अडीच महिन्यांपूर्वी, ९ नोव्हेंबरला, तो न्यूयॉर्कमध्ये गेला. वय ३९. जाण्याच्या थोडं आधी तो या नाटकाचं हस्तलिखित लंडनमधल्या एका दारूच्या गुत्त्यात विसरला होता आणि निर्माता डग्लस क्लेव्हरडन याने ते शोधून काढलं.

रिचर्ड बर्टनचा आवाज सुरू होतो. चंद्र नसलेली रात्र, वेल्समधलं समुद्रकाठचं छोटं गाव, सगळे झोपलेले. आवाज तुम्हाला एकेका घरात नेतो, थेट झोपलेल्या माणसांच्या स्वप्नांत. कॅप्टन कॅट नावाच्या म्हाताऱ्या, अंध खलाशाच्या स्वप्नात त्याचे बुडालेले सोबती येतात आणि वरच्या जगाची खबर विचारतात. साध्यासुध्या गोष्टींची खबर. सकाळ झाल्यावर हाच कॅप्टन खिडकीशी बसून रस्त्यावरच्या पावलांवरून माणसं ओळखतो. कोण थांबलं, कोणी दार उघडलं, पोस्टमन कुणाकडे गेला, सगळं त्याला कळतं. तुम्ही जे करता आहात तेच तो करतोय. गावातला सगळ्यांत चांगला श्रोता तो आहे, आणि टॉमसने त्याच्या हाताला धरून तुम्हाला गाव दाखवलंय. मधूनच मुलं गातात. ती टॉमसच्या लार्न गावच्या शाळेतली मुलं आहेत.

माझ्या मते श्राव्य नाटकात याहून मोठं काही झालेलं नाही. हे ध्वनिमुद्रण मिळतं. इंग्रजी अवघड आहे, शब्द एकमेकांवर आदळत येतात, पण म्हणून सोडू नका. पहिल्यांदा ऐकताना अर्थाच्या मागे लागू नका, नुसता आवाज अंगावर येऊ द्या. दुसऱ्यांदा पुस्तक समोर घ्या. आणि पुढच्या काळातल्या नटांनी केलेल्या आवृत्त्यांपेक्षा बर्टनचीच घ्या.

आता तारखा नसलेल्या काळात चला. युद्धाचा अठरावा दिवस मावळलाय. हस्तिनापूरच्या सुन्या राजवाड्यात दोन पहारेकरी फेऱ्या घालताहेत, राखायला काही उरलेलं नाही. आत धृतराष्ट्र संजयाची वाट पाहतोय. क्षणभर त्याच्या जागी बसा. सगळं युद्ध त्याला एका माणसाच्या आवाजातून मिळालंय. एकामागून एक मुलांचे मृत्यू त्याने ऐकलेत, एकही पाहिलेला नाही. कानावर इतका भार टाकणारा दुसरा श्रोता आपल्या परंपरेत मला आठवत नाही. गांधारीने तर डोळे असून अंधार पत्करला.

धर्मवीर भारतींचं 'अंधा युग' इथून सुरू होतं. हिंदीतलं हे काव्यनाटक त्यांनी इलाहाबादला असताना, १९५४ च्या सुमारास लिहिलं. लिहिलं ते रंगभूमी डोळ्यांपुढे ठेवून, पण आधी त्याचं रेडिओ-रूपांतर झालं, आणि संवादांची लय घासूनपुसून घ्यायला त्याची मोठी मदत झाली असं भारतींनीच नोंदवलंय. रंगमंचावर ते १९६२ साली मुंबईत दिग्दर्शक सत्यदेव दुबेंनी आणलं, पुढच्या वर्षी दिल्लीच्या फिरोजशहा कोटल्यात अल्काझींनी. पण त्याची भाषा आधी माइकपुढे तावून निघालीय. चार-पाच जण जमा, दिवा एकच ठेवा आणि मोठ्याने म्हणा. अश्वत्थामा ज्याच्या वाट्याला येईल त्याने आधी पाणी पिऊन घ्यावं. बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकावं.

१ एप्रिल १९५५. शुक्रवार, रामनवमी. पुणे. पेठेतल्या एका वाड्याच्या चौकात तुम्ही उभे आहात. "अहो, बाहेर काय उभे? या आत, आता लागेल," एक आजी हाक मारतात. माजघरात रेडिओ आहे, वाल्व्हचा. लावल्यावर लगेच बोलत नाही, आधी तापावा लागतो, म्हणून आजोबांनी पावणेनऊच्या बऱ्याच आधी लावून ठेवलाय. खोलीत वाड्यातली सगळी बिऱ्हाडं दाटीवाटीने बसलीत. पुणे आकाशवाणीला दीड वर्ष झालंय. केंद्राचे सीताकांत लाड यांच्या कल्पनेतून 'गीतरामायण' ही मालिका उभी राहिली, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, म्हणजे गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. पुढे वर्षभराहून थोडा अधिक काळ आठवड्याला एक गीत येणार आहे, एकूण ५६. काही दिवसांनी लोक रेडिओला हार घालतील, उदबत्ती लावतील. आज तसं काही नाही, नुसती उत्सुकता आहे.

पहिल्याच गीतात गदिमा काय करतात ते कान देऊन ऐका. दोन मुलं गाताहेत आणि ऐकतोय स्वतः राम. ज्याची कथा, तोच पहिला श्रोता, आणि गाणारी मुलं आपलीच आहेत हे त्याला माहीत नाही. माजघरातली सगळी माणसं एका झटक्यात रामाच्या सभेत जाऊन बसतात. 'गीतरामायण' आपण गाण्यांचा संग्रह म्हणून ऐकतो, आवडीचं लावतो, नावडतं सोडतो. एकदा ते वर्षभर चाललेलं नाटक म्हणून ऐका, पहिल्यापासून, क्रम न मोडता. बहुतेक गीतं एकेका पात्राच्या तोंडी आहेत. बाबूजींनी, म्हणजे फडक्यांनी, एकट्याने गायलेलं ध्वनिमुद्रण घरोघरी आहे, ते थोरच. पण आकाशवाणीवर वेगवेगळे गळे होते: माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके, राम फाटक. ते मूळ आवाज जिथे मिळतील तिथे ऐका, पात्रं वेगळी होऊन उभी राहतात.

अंधारातून आता भर उन्हात. कोकणातला रस्ता, एसटीची धडक बसून आडवी झालेली म्हैस, आणि खोळंबलेले उतारू. पु. ल. देशपांड्यांची 'म्हैस' तुम्ही शंभरदा ऐकली असेल. या वेळी हेडफोन लावून, दिवे घालवून ऐका. एकच माणूस माइकपुढे आहे, हातात वाद्य नाही, मागे संगीत नाही. उस्मानशेठ, झंप्या दामले, मधू मलुष्टे, बाबासाहेब मोरे एकेक करून खाली उतरतात, आणि प्रत्येक जण रस्त्यावर कुठे उभा आहे हे तुम्हाला बोटाने दाखवता येतं. हसणाऱ्या प्रेक्षकांकडे थोडं दुर्लक्ष करून श्वास ऐका. एक पात्र संपवून दुसऱ्यात शिरण्याआधी पुलं किती थोडं थांबतात आणि त्या थांबण्यात आवाजाची पट्टी, वय, गाव, स्वभावाचा ताठा किंवा लीनपणा कसा बदलून घेतात, ते फक्त काळोखात नीट कळतं.